धर्माजीनं आखलेली सहल

धर्माजीनं उकडलेली अंडी एकेक करून पेंढ्यात बसवली, वरून केळीचं पान दाबलं आणि टोपली कानाशी धरून हलवली. आतून काही वाजलं नाही, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला स्वस्थता आली. मग त्यानं लिंबाच्या सरबताची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, टोपलीच्या कडेला मिठाची पुडी खोचली आणि ओटीवर बसलेल्या बायकोकडे वळून पाहिलं.

ठमाबाई वालाच्या शेंगा निवडत होती. नवरा दुपारपासून काय चाळे करतोय हे ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती, पण तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

“उद्या बेटावर जायचं,” धर्माजी म्हणाला. “उंबरबेटावर. दिवसभर.”

“कोन जानार?”

“आपण दोघं. दुसरं कोण?”

ठमाबाईच्या हातातली शेंग सुपात न पडता खाली पडली. ती तिनं उचलली, पदरानं उगीच पुसली आणि परत निवडायला लागली.

धर्माजीचं आयुष्य मुंबईच्या एका बड्या क्लबात बटलरच्या हाताखाली गेलं होतं. दर थंडीत क्लबातले साहेब मेमसाहेबांना घेऊन पिकनिकला निघत, कधी एखाद्या बेटावर, कधी खाडीपलीकडे, आणि त्यांच्या टोपल्या भरायचं काम धर्माजीकडे असे. सत्तेचाळीस साली गोरे साहेब गेले, त्यांच्या खुर्च्यांत आपल्याकडचे साहेब येऊन बसले, टोपल्या मात्र होत्या तशाच राहिल्या. साहेबाची सहल म्हणजे नुसतं भटकणं नव्हे. आधी होडी, मग टेकडी, मग गळ टाकून मासे, मग जेवण, मग समुद्रात अंघोळ, असा सगळा बेत आदल्या दिवशी पक्का. टोपल्यांबरोबर धर्माजीही जाई. साहेबलोक लाटांत डुंबत तेव्हा हा झाडाखाली बसून कावळे हाकी, आणि त्याच्या डोळ्यांपुढे गावाकडे चुलीशी बसलेली ठमाबाई येई.

चुलीशी बसलेली नाहीतर बंदरावर रडणारी. शिमगा आटोपून चाकरमानी परत निघाले की आळीतल्या बायका त्यांना पोचवायला मांडव्याच्या बंदरावर येत आणि रडून बंदर डोक्यावर घेत. ठमाबाई त्यांच्यात पुढे. पदराचा बोळा तोंडात धरून ती असे हुंदके देई, की धर्माजीला लाँचवरून उडी टाकून माघारी यावंसं वाटे. पोहता येत नव्हतं म्हणून बरं. ते रडणं तो वर्षभर मुंबईत सोबत वागवायचा. क्लबात उरलेला केक खातानाही त्याला आपण चोरून खातोय असं वाटे.

यंदा दसऱ्याला नोकरी संपली आणि तो कायमचा घरी आला. मुलगी लग्न होऊन पेणला गेलेली, घरात दोघंच. भातझोडणी झाली, वाल पेरून झाले, तोवर सगळं बरं चाललं होतं. पण माघ लागला तशी ठमाबाई गप्प गप्प झाली. भाकरी थापता थापता तिचा हात थांबे. माडांच्या फटीतून समुद्र दिसे तिकडे बघत राही. विचारलं तर म्हणे, काय न्हाय. आता बायकोच्या ‘काय न्हाय’मध्ये काय असतं हे कळायला तिच्यासोबत नांदावं लागतं, आणि धर्माजीचं नांदणं सगळं सुट्टीसुट्टीतलं. त्याच्या मनात एक भीती शिरली. आपलं परत येणं हिला आवडलेलं नाही. इतकी वर्षं एकटीनं राहायची सवय झाली, आता आपला पायगुंता होतोय. ही भीती चारचौघांत बोलून दाखवण्यासारखी नव्हती. तिच्यावर उतारा म्हणून त्यानं सहल काढली. मेमसाहेबांचे इतके लाड पुरवले, एक दिवस हिचे पुरवू, मग बघू खुलते की नाही.

त्यानं तिला सगळा बेत समजावून सांगितला. होडीत बसल्यावर थोडा वेळ वल्हं तिच्या हाती द्यायचं, मेमसाहेबांना देतात तसं. बेटावर उतरल्यावर गळ टाकायचा. ऊन चढलं की टेकडीवर जाऊन देखावा बघायचा. जेवण झाल्यावर तिनं समुद्रात पाय बुडवायचे. घाबरायचं नाही, तो हात धरून उभा राहील.

ठमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की टेकडी सकाळी चढलेली बरी नव्हे का, उन्हात खडक तापतो. आणि गळ भरतीचं पाणी उलटल्यावर टाकला तर काहीतरी लागेल. आणि अंडी उकडायची काय गरज होती, पोपटीच लावू की. वाल घरचे आहेत, बांधावर भांबुर्डीचा पाला आहे. मडक्यात पाला, शेंगा, बटाटे कोंबायचे, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, झालं जेवण.

हिचं डोकं चांगलं चालतं, धर्माजीला वाटलं. क्लबात असती तर बटलर झाली असती.

“तिथं प्यायाचं पानी असंल का?” ठमाबाईनं विचारलं.

“होडीवाला हिरामण म्हणतो, उंबराखाली गोडी विहीर आहे.”

“असंल बाई,” ती म्हणाली आणि सुपावर वाकली.

कुंपणापलीकडे शेजारची नीराबाई वाल सोलत होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. सहलीचं ऐकून तिला असा ठसका लागला, की घरात जाऊन पाणी प्यावं लागलं.

सकाळी भरतीला हिरामण कोळ्यानं होडी किनाऱ्याला लावली. ठमाबाई मडकं कमरेवर घेऊन येताना दिसली तेव्हा त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ठमाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हिरामणनं तोंड मिटलं आणि शीड ओढायला घेतलं. वाटेत धर्माजीनं त्याला बेटाविषयी दहा गोष्टी विचारल्या. हिरामण क्षितिजाकडे नजर लावून “असंल”, “म्हाईत न्हाय” एवढंच बोलत राहिला. उतारूंना समुद्राच्या गोष्टी सांगून भंडावून सोडणारा हा माणूस आज कुठल्या व्रतात आहे, हे काही धर्माजीला कळेना.

बेटाचा किनारा खडकाळ, शेवाळ धरलेला. साहेब आधी उतरून मेमसाहेबांना हात देतात, तसा हात द्यायला म्हणून धर्माजी आधी उतरला आणि गुडघाभर पाण्यात मटकन बसला. ठमाबाईनं मडकं डोक्यावर घेतलं, एका खडकावरून दुसऱ्यावर पाय टाकत, खाली न बघता, कोरडीठाक वर गेली.

“सांभाळून,” धर्माजी पाण्यातून म्हणाला. “घसरतं.”

हिरामणनं त्याला हात देऊन उभं केलं आणि होडी बाजूला लावून तो आडवा झाला.

टेकडी म्हणजे फार मोठी नव्हती, पण धर्माजी धापा टाकत वर पोचला तेव्हा ठमाबाई केव्हाची वर बसली होती. समोर सगळा किनारा पसरलेला. किहीमच्या माडांची काळी रेघ, मागे निळे डोंगर. हे बघ, ते आपलं गाव, धर्माजीनं बोट करून दाखवलं. ठमाबाईनं त्याचं बोट धरून हळूच थोडं डावीकडे सरकवलं आणि म्हणाली, तिकडं असंल न्हाय का. गाव खरोखरच तिकडे होतं.

गळाला मासा लागला नाही. धर्माजी गळ धरून बसला तोवर ठमाबाईनं कोयत्याच्या टोकानं खडकावरची वाटीभर कालवं काढली. त्यात त्याला नवल वाटलं नाही, कालवं सगळ्याच बायका काढतात. नवल वाटलं ते पोपटी लावताना. त्यानं खडकाच्या आडोशाला जागा धरली, तर ती म्हणाली, तिथं खारं वारं सुटलं की धूर तोंडावर येतो. तुला काय ठाऊक, असं त्यानं विचारलं. वारं सगळीकडं सारखंच, असं म्हणून ती उंबराच्या मागे गेली. तिथं चांगले काळेकुट्ट झालेले तीन धोंडे मांडलेलेच होते.

“कोळ्यांनी मांडले असतील,” धर्माजी म्हणाला.

“असतील,” ठमाबाई म्हणाली.

उंबराची एक आडवी फांदी दोन जागी घासून गुळगुळीत झालेली त्याला दिसली. क्लबाच्या बागेत पोरांचा झोपाळा होता, त्याची फांदी अशीच झाली होती. पण इथं ओसाड बेटावर झोपाळा कुठला, असा विचार करेपर्यंत खारं वारं सुटलं आणि त्याच्या डोक्यावरची साहेबी सोला टोपी उडाली.

ही टोपी त्याला निरोपाच्या दिवशी एका साहेबानं बक्षीस दिली होती. गावात ती घालायची सोय नव्हती, पोरं मागे लागली असती. म्हणून आज मुद्दाम आणलेली. ती गडगडत खडकावरून गेली आणि पाण्यात पडून डुलत डुलत चालू लागली. धर्माजी धावला. घोटाभर पाण्यात गेला, गुडघाभर गेला, तिथं थांबला. टोपी काही थांबली नाही.

ठमाबाई जाळात काटक्या सारत होती. तिनं टोपीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो गुडघाभर पाण्यात दोन्ही हात पसरून उभा होता. हातातली काटकी तिनं खाली ठेवली. पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काष्टा आवळला, थोडं पुढं एका सपाट खडकावर गेली आणि तिथून पाण्यात सूर मारला.

धर्माजी ओरडला. तोवर ती वर आली होती. खाडीकाठची पोरं मारतात तसे लांब लांब हात मारत ती गेली, टोपी धरली, आणि हात मोकळे राहावेत म्हणून ती सरळ आपल्याच डोक्यावर घातली. मग तशीच पोहत परत आली. टोपी डोळ्यांवर येत होती आणि ती हसत होती. तोंडात पाणी जात होतं तरी हसत होती. एवढं मोठ्यानं हसताना धर्माजीनं तिला लग्नाच्या इतक्या वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

किनाऱ्याला लागल्यावर तिचं त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. हसू मावळलं. तिनं टोपी काढली, पाणी झटकलं आणि त्याच्यापुढे धरली.

“तू इथं आलेली आहेस,” धर्माजी म्हणाला.

“व्हय.”

“कधी?”

“दर शिमग्याला. तुमची लाँच गेली की दुसऱ्या दिवशी.”

मग जाळाशी बसून, लुगडं पिळत पिळत, तिनं सगळं सांगितलं. ज्या ज्या बाईचं माणूस मुंबईला गेलं ती ती निघायची. आधी हिरामणचा बाप आणायचा, तो गेल्यावर हिरामण. गावात बोलायचं नाही अशी त्याला वेताळाची शपथ घातलेली. वाल उरले असले तर पोपटी, नसले तर कालवं-भात. झोका बांधायचा. पोहायचं, नव्या सुनांना पोहायला शिकवायचं. दुपारी उंबराखाली मनसोक्त झोपायचं; पाणी दे, तंबाखू दे म्हणून कुणी उठवणारं नाही. सुरुवात कुणी केली ते विचारलं, तर म्हणाली, तुमच्या आईनं.

धर्माजीला आई आठवली ती बाप निघाला की बंदरावर हंबरडा फोडणारी. पोहणारी आई काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

“आणि बंदरावर रडायचीस, ते?”

ठमाबाईला ते फार लागलं. “ते खोटं न्हवतं,” ती म्हणाली. “त्या दिशी जीव जायाचा माजा. म्हनून तर दुसऱ्या दिशी हितं यायाचं. घरात बसले असते तर येड लागलं असतं.”

धर्माजीला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. आपण क्लबात केकचा तुकडा गिळताना हिच्या आठवणीनं कासावीस व्हायचो आणि ही इथं झोके घेत होती. मग त्याला तिचं टोपी घालून पोहणं परत दिसलं. त्याच्या पोटातून हसू आलं, ते त्यानं दाबलं, ते काही दबलं नाही. इतक्या वर्षांचं ओझं कुणीतरी न सांगता उतरवून ठेवावं तसं त्याला हलकं वाटलं. आपली बायको इतकी वर्षं नुसती रडत बसली नव्हती. देवाची कृपाच म्हणायची.

“मग यंदाच्या शिमग्याला?” त्यानं विचारलं.

ठमाबाईनं जाळ उगीच सारखा केला. “यंदा मी कशी येनार? जिचं मानूस घरात हाय तिनं यायाचं न्हाय. सासूबाईंनीच तसं घालून दिलंय.”

त्यातही म्हातारीचं धोरण होतं. नवरा घरी असलेली बाई दुपार कलली की सूर्याकडे बघायला लागते, भाकरीची वेळ झाली म्हणून घाई करते, आणि तिच्यापायी सगळ्यांच्या दिवसाचा विचका होतो. एकदा कोकिळा नावाच्या एकीला दया येऊन आणली होती, तर तिनं जेवायच्या आधीच परतायचा धोशा लावला. तेव्हापासून नियम पक्का.

“तुमी आलात त्याचं वाईट न्हाय वाटलं,” ठमाबाई खाली मान घालून म्हणाली. “देवाला नारळ दिला म्यां. पर शिमगा जवळ याया लागला की…”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. धर्माजीनंही करायला लावलं नाही. मडकं फोडून दोघांनी पोपटी खाल्ली, उकडलेली अंडी हिरामणला दिली. मग धर्माजीनं आपला बेत बासनात गुंडाळला आणि तिचा बेत सुरू झाला. उंबराच्या ढोलीतून तिनं सुंभाचा दोर काढला आणि त्याला झोक्यावर बसवलं. कमरेएवढ्या पाण्यात नेऊन त्याच्या पाठीखाली हात धरला आणि आडवं व्हायला लावलं. धर्माजीच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं, पण क्षणभर तो तरंगला एवढं खरं. दुपारी उंबराखाली दोघं झोपली. सूर्याकडे कुणी बघितलं नाही.

परतताना होडीत त्यानं हिरामणला सहज विचारलं, की बायकांत सगळ्यात चांगलं कोण पोहतं.

“काका, मना शपथ हाय,” हिरामण म्हणाला. पण त्याची नजर ठमाबाईकडे गेलीच.

फाल्गुन आला. मुंबईचे चाकरमानी आले, आळी भरली, होळ्या पेटल्या, सोंगं नाचली. ठमाबाईनं पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांत मिसळली, हसली. पण जाण्याच्या गोष्टी निघू लागल्या तशी नीराबाईच्या ओटीवर बायकांची कुजबुज वाढली, आणि ठमाबाई आपणहून तिथं जायची थांबली.

आदल्या संध्याकाळी धर्माजीनं धुतलेला सदरा पिशवीत भरला. क्लबातला जुना मुकादम आजारी आहे म्हणे, जाऊन भेटून येतो, तो म्हणाला. पोस्टमन महिनाभर आळीत फिरकला नव्हता आणि मुंबईहून आलेल्यांपैकी मुकादमाचं नावही कुणी काढलं नव्हतं. ठमाबाईनं कुणी सांगितलं ते विचारलं नाही. चुलीपुढून उठून तिनं पिशवीतला सदरा काढला, नीट घडी घालून परत ठेवला आणि वाटेसाठी चार पोळ्या बांधल्या.

सकाळी मांडव्याच्या बंदरावर नेहमीची गर्दी होती. लाँच लागलेली, चाकरमान्यांच्या डोक्यावर बोचकी, आणि बायकांचं रडणं सुरू झालेलं. नीराबाई हुंदके देत होती. ठमाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. ती रडतेय की हसतेय हे धर्माजीला जवळ जाऊनही ओळखता येईना. आळीतला एक पोक्त माणूस त्याला म्हणाला, की धर्माजी, दोन दिवसांसाठी जातोस आणि बायको बघ किती जिवाला लावून घेते.

लाँचची शिट्टी झाली. फळीवर पाय ठेवता ठेवता धर्माजी मागे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “कधी येऊ?”

ठमाबाईनं तोंडातला पदर काढला.

“उद्या नको,” ती म्हणाली. “परवा या. पयल्या लाँचनं या. मी हितं उभी असन.”

आणि एवढं बोलल्यावर तिला खरोखरच रडू फुटलं.